कळपाच्या मधोमध

साळुबाईच्या हातगाडीवरून एक लिंबू घरंगळलं आणि गटाराकडं जाण्याआधीच निर्मलाच्या चपलेखाली थांबलं. निर्मलाचं तिकडं लक्षच नव्हतं. ती समोरच्या टीव्हीच्या दुकानाकडं बघत होती. काचेआड टीव्ही एकावर एक रचलेले, सगळ्यांवर एकच चित्र, आणि त्या चित्रात काळा कोट घातलेला एक माणूस मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडत होता. आवाज बंद, त्यामुळं नुसतं तोंड उघडत-मिटत होतं. डोक्यावरचे केस बरेचसे गेलेले, गालांवर दोन खोल रेघा. मग चेंडू त्याच्या जवळून गेला आणि त्या माणसाचा उजवा पाय, चकचकीत बुटातला, जमिनीपासून बोटभर उचलला गेला, आतल्या बाजूला वळला, पास द्यावा तसा, आणि लगेच काही झालंच नाही अशा बेतानं खाली आला. नेमक्या त्याच वेळी इकडं लिंबू थांबलं होतं. निर्मलानं एकदा त्याच्या पायाकडं बघितलं, एकदा आपल्या. हा तोच होता. स्पेनवाला.

"अगं पायानं काय अडवती लिंबू," साळुबाई म्हणाली. "बघनाऱ्याला वाटंल, कुनीतरी उतरून टाकल्यालंच तुडवलं बाईनं. आन् तेबी आजच्या दिवशी. मॅच हाय ना तुज्या पोरींची?"

"हाय," निर्मला म्हणाली. वाकून तिनं लिंबू उचललं, कपाळाला लावलं आणि बाकीच्यांबरोबर पिशवीत टाकलं. तोवर टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती.

कुंडलिक सरांनी हायस्कूलच्या खेळाच्या खोलीत, लेझमांच्या वर, वर्तमानपत्रातून कापलेला त्याचा फोटो खळीनं चिकटवला होता, त्याला आता चौदा वर्षं होऊन गेली असतील. चौऱ्याण्णवचा वर्ल्डकप. सरांना त्याचं नाव काही केल्या म्हणता यायचं नाही, म्हणून ते त्याला 'आपला स्पेनवाला' म्हणायचे, जणू तो नारायणगावचा कुणी पाहुणा असावा. बाकी पोरींना गोल मारणारे आवडायचे. गोल मारून अंगातला शर्ट डोक्यावर ओढणारे, जमिनीवर लोळणारे. सर मात्र निर्मलाला फोटोसमोर उभं करून म्हणायचे, "ह्याला बघ. हा कधी दिसत नाही. मॅच संपल्यावर आठवायला गेलीस तर आठवत नाही. पण ह्याला काढून घे, मग बघ बाकीच्यांचं काय होतं." फोटोतही तो चेंडूकडं बघत नव्हता. मान वळवून कुठंतरी लांब बघत होता, फोटोच्या चौकटीबाहेर, तिथं कोण होतं ते कधीच कळलं नाही. निर्मला सोळाची होती आणि तिला वाटायचं, तो आपल्याकडंच बघतोय. सर म्हणायचे, खेळताना हा तोंड उघडत नाही. तिलाही ते बरं वाटायचं, कारण तिलाही बोलायचा कंटाळा होता, आणि इथं एक जागा अशी होती की न बोलता सगळ्यांच्या मधोमध असता येत होतं. आणि आता तो ओरडत होता. एवढा ओरडत होता की मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मैदानाच्या वाटेवर निर्मलाच्या मनातून ते जाईना. पाय अजून तसाच. पायाचं वय वाढलं नव्हतं. पण पायाला आता चेंडू मिळणार नव्हता, आणि म्हणून तोंड उघडावं लागलं होतं. तिनं चालता चालता आपल्या पायाकडं बघितलं. अंगठ्याचं नख खेळताना गेलं होतं ते वाकडंच आलं होतं. बाळंतपणात सुजलेली पावलं अजून पुरती उतरली नव्हती.

मैदानाच्या फाटकाशी गेणूभाऊ उभे होते. तिच्या संघातल्या इंद्रायणीचे वडील. डोक्याला धुतलेली टोपी, पायांत नव्या वहाणा. त्यांच्या मागं मोटरसायकलवर दोन माणसं बसली होती, एक वयस्क, एक तरुण. तरुणाच्या खिशाला पेन होतं आणि तो मैदानाकडं सोडून सगळीकडं बघत होता.

"हे पावणं," गेणूभाऊ हळू आवाजात म्हणाले. "वतूरचे. पोरगं कारखान्यात हाय. मी म्हनलं या, बघून जावा पोरगी, आमचं काय झाकल्यालं न्हाई."

"भाऊ, आज?"

"आज न्हाई तर कवा? ऐका बाई, माजं तुमच्याशी वाकडं न्हाई. बारावी झाली की हात पिवळं करायचं, हे आमच्यात ठरल्यालं. पर तुमी म्हनला पुण्याचा सायब येनार. मी शबूद दिलाय. सायबानं तिचं नाव घेतलं तर मी सोता तिची पेटी पुण्याला नेऊन ठिवीन, वसतिगृहात ऱ्हाऊ दे, शिकू दे, खेळू दे. न्हाई घेतलं, तर मग ह्या पावण्यांना मी काय सांगू? पोर बॉलमागं पळती, तवर थांबा?"

त्यात कुठं कपट नव्हतं, हेच निर्मलाला जड गेलं. तिनं नुसती मान हलवली. साहेब आलेच होते. पांढरी जीप मैदानाच्या त्या अंगाला, गोलपोस्टाच्या मागं उभी होती आणि ते खुर्चीत बसून, मांडीवर कागद घेऊन चहा पीत होते. त्यांना आज क्रीडा वसतिगृहासाठी एकच मुलगी घ्यायची होती, तसं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, सरळपणानं. जिल्हाभर फिरून दमलेला माणूस होता. त्यांच्या बुटांवर तीन तालुक्यांची धूळ होती.

कडुनिंबाखाली सासू, चिमाबाई, निर्मलाच्या पप्पूला घेऊन बसली होती. चिमाबाईनं पोराला काजळाची तीट लावली होती ती त्यानं सगळ्या गालाला फासून घेतली होती. निर्मलाला बघताच तो हात पसरून झेपावला आणि तिचं अंग आपोआप भरून आलं.

"पाजून घे पयलं," चिमाबाई म्हणाली. "मग तुजं तिकडं सुरू झालं की तू आमची न्हाईस. काय ते बॉलचं येड, दोन जिवांची व्हतीस तवाबी टेकडीवर हुबी ऱ्हाऊन शिट्ट्या फुकीत व्हतीस. पोराच्या कानात पयलं नाव मी सांगायच्या आधी शिट्टीच गेली आसंल."

"आत्या, थोडाच वेळ लागेल."

"तुजं थोडं मला म्हाईत हाय."

शिवनेरीच्या अंगानं वारा येत होता. पदराखाली पप्पू चुटुचुटु पीत होता आणि निर्मला त्याच्या डोक्यावरून मैदानाकडं बघत होती. निळ्या कपड्यांतल्या तिच्या मुली, लाल कपड्यांतल्या घोडेगावच्या. इंद्रायणी एकटी मधल्या वर्तुळात उभी राहून बुटाची नाडी बांधत होती, आणि नाडी बांधतानाही तिची मान वर होती. कोण कुठं आहे, वारा कुठून येतोय, घोडेगावची कुठली मुलगी लंगडतीय, हे ती बघून ठेवत होती. हे निर्मलानं शिकवलं होतं. पाच वर्षं. रोज संध्याकाळी. आधी बघ, मग पळ. चेंडू येण्याआधी जागा बघ. शिकवता शिकवता पोरीची चालसुद्धा निर्मलासारखी झाली होती. टोमॅटोच्या वावरातली ही पोर धनगराच्या पोरीसारखी चालायला लागली होती, आणि हे एकट्या निर्मलाला माहीत होतं.

कारण ते सगळं स्पेनवाल्याकडून किंवा सरांकडून आलेलं नव्हतंच. ते जानकूकडून, तिच्या बापाकडून आलं होतं. दिवाळी झाली की त्यांची मेंढरं मढच्या अंगानं माळशेज उतरून कोकणात जायची. बाप पुढं, चुलता मागं, घोड्यावर बिऱ्हाड आणि आई, आणि निर्मलाला बाप कळपाच्या मधी घालायचा. ती लहान होती, मेंढरांची पाठ तिच्या कमरेला लागायची. सगळीकडं लोकर, लोकरीचा ओला वास, खुरांचा बारीक पावसासारखा आवाज. घाटात समोरून ट्रक आला, हॉर्न वाजला की कळप मधून फाटायचा. अर्धा पुढं पळायचा, अर्धा मागं वळायचा, आणि फट पडली की त्या फटीतून एखादं कोकरू थेट दरीकडं. पुढच्याला ते दिसायचं नाही, मागच्याला दिसून उपयोग नसायचा. मधल्यानं फट पडायच्या आधीच तिथं जाऊन उभं राहायचं. नुसतं उभं राहायचं. ओरडायचं नाही, काठी उगारायची नाही, ओरडलं की आणखी फाटतो. बाप म्हणायचा, "तू तितं हायेस एवडंच त्यास्नी कळलं पायजे." पहिल्यांदा फुटबॉलचा सामना बघितला तेव्हा निर्मलाला चेंडू दिसलाच नव्हता. तिला फटी दिसल्या होत्या. या पोरी इकडं सरकल्या, तिकडं फट पडली, कुणी तिथं का जात नाही? आणि ती गेली होती.

शिट्टी झाली. पप्पूला सासूच्या हाती देऊन ती रेषेवर येऊन उभी राहिली आणि पहिल्या अर्ध्यात काही म्हणजे काही झालं नाही. दोन्हीकडून गोल नाही. घोडेगावच्या मुली चिवट होत्या, आहुप्याकडच्या डोंगरातल्या दोघी तर वाऱ्यासारख्या पळायच्या. पण त्या पळून जिथं पोचायच्या तिथं इंद्रायणी आधीच असायची. भांडण नाही, धक्का नाही. चेंडू यायचा आणि तिच्याकडून निघून जायचा, पाणी बांधावरून वळावं तसा. निर्मला बघत होती आणि तिला आतून गोड वाटत होतं, आणि त्या गोडाखाली काहीतरी टोचत होतं. चेंडू बाहेर गेला तेव्हा ती साहेबांच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली. त्यांनी अदबीनं कागद बाजूला केला.

"तुमची ती नऊ नंबरची चांगली आहे, मॅडम. काय नाव? समृद्धी. पायात जोर आहे. बाकी, तुम्ही पत्रात लिहिलं होतं ती कुठली?"

"दहा नंबर. मधी खेळते ती."

साहेबांनी डोळ्यांवर हात धरून मैदानावर शोधलं. "हां, ती होय," ते म्हणाले. "बघतोय मी. खरं सांगू का, दिसत नाही ती फारशी."

ते वाक्य निर्मलाच्या अंगावरून जाऊन पार मागं, सत्त्याण्णव सालात जाऊन पडलं. पुण्याचं मैदान, राज्याच्या संघाची निवड, अंगावर कुणाचा तरी मागून आणलेला मोठा शर्ट. शेवटच्या खेळात चेंडू तिच्या पायात होता आणि समोर गोल उघडा होता. खरंच उघडा. मारला असता तर शंभरातल्या नव्वद वेळा गेला असता. पण डावीकडं सोलापूरची एक मुलगी अजून मोकळी होती, तिच्याकडून शंभर वेळा गेला असता, आणि निर्मलाच्या पायानं विचारायच्या आधीच चेंडू डावीकडं दिला. गोल झाला. सगळ्या पोरी त्या मुलीच्या अंगावर पडल्या. संध्याकाळी नावं वाचली त्यात ती मुलगी होती. निर्मला नव्हती. येताना एसटीत कुंडलिक सर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. राजगुरुनगर गेल्यावर ते म्हणाले, "तू बरोबर खेळलीस, निर्मला." त्या एका वाक्यावर तिनं अकरा वर्षं काढली होती. पुढं ती जिल्ह्याकडून खेळली, मग लग्न, मग सर निवृत्त झाल्यावर त्याच हायस्कुलात मानधनावर शिकवणं, त्याच खोलीच्या किल्ल्या. फोटो पिवळा पडून एका कोपऱ्यानं सुटला होता तो तिनं पुन्हा चिकटवला होता. तू बरोबर खेळलीस. कुणी विचारलं की तुमचं पुढं का नाही झालं, तर ती हसायची आणि आत ते वाक्य एकदा म्हणून घ्यायची, औषधासारखं. आज पहिल्यांदा त्या औषधाची चव तिला जिभेवर कडू लागली.

मध्यंतराला मुली कडुनिंबाखाली येऊन पसरल्या. लिंबाच्या फोडी, मीठ, साखर. समृद्धी गेणूभाऊंच्या पाहुण्यांकडं बघून म्हणाली, "इंदे, नवरदेव लई वेळ झाला पेन चाचपतोय. सही घ्यायला आलाय का तुझी?" मुली खिदळल्या. इंद्रायणीनं फोड चोखत नुसत्या भुवया उडवल्या. "सही कसली, पेनात शाईतरी हाय का बघ," ती म्हणाली, आणि हसली, पण तिच्या हातातली फोड पार पिळवटून गेली होती.

निर्मलानं तिला झाडाच्या मागं नेलं. काय बोलायचं ते तिनं रेषेवरून येता येता जुळवलं होतं.

"इंदे, दुसऱ्या हाफमध्ये तू पुढं जा."

"मंजी?"

"म्हणजे पुढं. चेंडू मिळाला की दुसऱ्याला देऊ नको. स्वतः घेऊन जा, स्वतः मार. एकदा तरी. साहेबांना तू दिसली पाहिजेस."

इंद्रायणीनं मनगटानं तोंड पुसलं. घामानं केस कपाळाला चिकटले होते. "मी पुढं गेले तर मधी कोण? घोडेगावची ती दोन नंबर, ती वाटच बघतीय. फट पडंल, बाई."

फट. हा शब्दसुद्धा निर्मलाचाच होता.

"पडू दे."

"आपण हरू की."

"हरू दे," निर्मला म्हणाली, आणि तिचा आवाज तिला परका वाटला. झाडापलीकडं बाकीच्या मुली एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. तेजस्विनी, गोलात उभी राहणारी, ढोपर फुटलं होतं त्याच्यावर फुंकर घालत होती. त्या सगळ्यांच्या पाठीत आपण काहीतरी खुपसतोय असं निर्मलाला वाटलं. "तुला कळतंय ना, आज काय आहे ते?"

"कळतंय," इंद्रायणी म्हणाली. मग हळूच, "मला जायचंय, बाई. लई जायचंय." एवढंच, आणि ती परत गेली.

दुसरा अर्धा सुरू झाला आणि निर्मलाला बसवेना. ती रेषेवरून मागंपुढं येरझारा घालत होती. इंद्रायणीला चेंडू मिळाला, ती दोन पावलं पुढं गेली, थांबली, मागं दिला. पुन्हा मिळाला. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी तिची मान वर व्हायची, समोरची वाट बघायची, आणि प्रत्येक वेळी तिला त्या वाटेपेक्षा चांगली वाट दिसायची, दुसऱ्या कुणासाठी. निर्मलाला ती कुठल्या कुठल्या वाटा बघतीय ते सगळं कळत होतं. दोघींना एकच मैदान दिसत होतं. बाकी कुणालाच ते दिसत नव्हतं, आणि आजवर निर्मलाला हे केवढं सुख वाटत आलं होतं. पलीकडं मोटरसायकलवरचा तो वयस्क पाहुणा गेणूभाऊंच्या कानाला लागून काहीतरी विचारत होता आणि गेणूभाऊ हातवारे करून पोरीची उंची सांगावी तसं काही सांगत होते. इकडं साहेब कागदावर काहीतरी लिहीत होते. सगळे बघणारे. निर्मलाला एकदम आळेफाट्याचा व्यापारी आठवला.

तो पावसाळ्याआधी यायचा, मेंढरं घ्यायला. कळपाभोवती फिरायचा, कडेच्या मेंढरांच्या पाठीवर हात दाबून बघायचा. कडेचीच बघायचा, आत शिरून कोण कपडे भरवून घेणार. आणि व्यापारी यायचा असला की बाप आदल्या सांजेलाच चांगल्या मेंढ्या हेरून ठेवायचा आणि त्यांना बेतानं हाकत हाकत मधी घालायचा. निर्मलाला वाटायचं, मधी म्हणजे मानाची जागा. एकदा तिनं विचारलं तेव्हा बाप हसला होता, आपली चलाखी पोरीला कळली म्हणून खूश होऊन. "चांगली मेंढी मधी ठिवायची, पोरी. म्हंजी गिऱ्हाइकाच्या नजरंला पडत न्हाई. आपल्यापाशीच ऱ्हाती."

तिचे पाय जागच्या जागी थांबले. आपल्यापाशीच राहते. कुंडलिक सर त्या संध्याकाळी एसटीत खिडकीबाहेर बघत होते, ते दुःखानंच का? त्यांच्या चेहऱ्यावर तिला काचेत दिसलं होतं ते काय होतं? दुसऱ्या वर्षी त्यांनी तिला पुन्हा निवडीला पाठवलं नव्हतं. म्हणाले होते, इथं तुझ्याशिवाय संघ उभा राहत नाही. तिला तेव्हा अंगभर मोठेपणा वाटला होता. सर वाईट नव्हते. बापही वाईट नव्हता. जीव लावणारीच माणसं होती, आणि तिनंही पोरीला पाच वर्षं जीवच लावला होता. मधी ठेवली होती. इतकी मधी की आता पोरीला बाहेर यायची वाटच माहीत नव्हती. कडुनिंबाखाली पप्पू रडायला लागला होता. निर्मलाला त्याचा आवाज ऐकू येत होता आणि पोलक्याच्या आत दूध ओघळू लागलं होतं. तिनं पदर घट्ट ओढून घेतला.

आणि तेव्हाच ते झालं. घोडेगावची दोन नंबर चेंडू घेऊन निघाली, सगळं मैदान तिच्याकडं ओढलं गेलं, आणि इंद्रायणी एकटी उलट दिशेला चालत गेली. पळतही नव्हती, चालत होती, जिथं काहीच नव्हतं अशा मोकळ्या तुकड्याकडं. दोन नंबरनं चेंडू लांब मारला, तेजस्विनीनं छातीवर घेतला, फेकला, कुणाच्या तरी पायाला लागून तो उसळला आणि त्या मोकळ्या तुकड्यात येऊन पडला. इंद्रायणीच्या पायात. समोर कुणी नव्हतं. लाल कपड्यांतली एक मुलगी लांबून धावत येत होती, तिच्या मागं गोल. सरळ वाट होती, गाडीवाटेसारखी. "जा," निर्मला ओरडली. तिला आठवत होतं तेव्हापासून ती रेषेवरून कधी ओरडली नव्हती. "जा इंदे, मार तू."

इंद्रायणी धावली. गोलाजवळ आली. मान वर केली आणि एकदा, निमिषभर, रेषेवर उभ्या असलेल्या निर्मलाकडं बघितलं. मग चेंडू डावीकडं दिला. समृद्धी तिथं होती. समृद्धीनं डोळे मिटून लाथ घातली आणि जाळी हलली.

मैदान उठलं. मुली समृद्धीच्या अंगावर पडल्या. कुणीतरी ताट वाजवायला लागलं. आणि निर्मला खाली मान घालून आपल्या उजव्या पायाकडं बघत होती. तो पाय जमिनीपासून उचललेला होता. चपलेसकट आतल्या बाजूला वळलेला होता, डावीकडं पास द्यावा तसा. तोंड 'मार' म्हणत होतं तेव्हा पायानं पास देऊन टाकला होता. पोरीनं बघितलं होतं ते तिच्या तोंडाकडं नाही.

सामना तेवढ्यावरच संपला. एक विरुद्ध शून्य. साहेब उठले, त्यांनी समृद्धीला बोलावून तिचं नाव, गाव, जन्मतारीख लिहून घेतली, पाठीवर थाप मारली. समृद्धी रडत होती, हसत होती. फाटकाशी गेणूभाऊ पाहुण्यांच्या मोटरसायकलजवळ उभे राहून टोपी काढून डोकं पुसत होते. त्यांच्या चेहऱ्यावर विजय नव्हता, उलट माणूस थोडा उतरल्यासारखा दिसत होता. इंद्रायणी त्या सगळ्या कालव्यातून सरळ निर्मलाकडं आली. ढोपरावर माती, हातात सोडलेले बूट.

"बाई, बरोबर खेळले ना मी?"

डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला खरोखरच उत्तर पाहिजे होतं. आणि उत्तर निर्मलाच्या जिभेवर तयार होतं, अकरा वर्षं जपून ठेवलेलं, शब्दन् शब्द. ते एकदा दिलं की पोरगी तेच घेऊन घरी जाईल, वतूरला नांदेल, आणि कधीतरी रस्त्यात तिच्या पायाखाली येऊन एखादं लिंबू थांबेल. तिकडं जीपचा दरवाजा वाजला.

"थांब," ती म्हणाली. "इथंच थांब. कुठं जाऊ नको."

झाडाखालून तिनं लिंबांची पिशवी उचलली. "अगं निर्मे, पोरगं," चिमाबाई म्हणाली. पप्पू आईला जवळ आलेली बघून दुप्पट रडायला लागला आणि तिचं सगळं अंग त्याच्याकडं ओढलं. "आत्या, आलेच. बोट द्या तोंडात त्याच्या," ती म्हणाली आणि मैदानात शिरली. कडेकडेनं गेली नाही. मधून गेली, वर्तुळावरून, चुन्याच्या रेघा ओलांडत. व्यापारी निघायला लागला आणि एखाद्या वर्षी गाठीला पैसा लागणारच असला, तर बाप स्वतः कळपात घुसायचा. मांड्यांपर्यंत मेंढरांत. मधल्या मेंढीचा मागचा पाय धरून तिला बाहेर ओढून आणायचा आणि व्यापाऱ्याचं मनगट धरून त्याचा पंजा तिच्या पाठीवर ठेवायचा. हे बघा. मग बोला. निर्मलाला ते आठवलं आणि लाज वाटली, पोर म्हणजे काय मेंढी आहे? पण फाटकाशी तरी दुसरं काय चाललंय? लाजेसकट ती चालत राहिली.

जीप सुरू झाली होती. तिनं बॉनेटवर हात ठेवला.

"साहेब, जरा."

"मॅडम, मंचरला पोचायचंय मला. तुमचं अभिनंदन. एकच जागा आहे, सांगितलं होतं ना मी?"

"तुम्ही घेतलेली मुलगी चांगली आहे. तिचं नाव काढू नका. मी ते म्हणत नाही." तिला धाप लागली होती. पोलकं ओलं झालेलं आता पदराबाहेरही दिसत असणार, दिसू दे. "तिच्याकडं चेंडू आला तो कुठून आला, ते बघितलं का तुम्ही?"

"दहा नंबरनं दिला. चांगला पास होता."

"त्याच्या आधी."

तिनं पिशवी बॉनेटवर पालथी केली. लिंबं गडगडली, तिनं ती दोन्ही हातांनी अडवली. एक इकडं ठेवलं, तीन तिकडं. "ही त्यांची दोन नंबर. ह्या आमच्या. सगळ्या हिच्याकडं पळाल्या." इंजिनच्या थरथरीनं लिंबं जागची हलत होती, आणि ती पुन्हा पुन्हा त्यांना जागेवर आणत होती. बोलायची सवय नव्हती. वाक्यं अर्धी सुटत होती. पायाला जे एका क्षणात कळतं ते तोंडानं सांगायला किती शब्द लागतात, आणि सगळे कसे तोकडे पडतात. टीव्हीवरच्या त्या माणसाच्या मानेच्या शिरा का फुगल्या होत्या ते तिला आता कळलं. शेवटचं एक लिंबू तिनं सगळ्यांपासून लांब, रिकाम्या पत्र्यावर ठेवलं. "आणि ही इथं. चेंडू तिकडं असताना."

साहेब घड्याळाकडं बघणार होते, हात वर झालाही होता. तो तसाच राहिला. ते खाली उतरले नाहीत, पण खिडकीतून वाकून त्यांनी त्या एकट्या लिंबाकडं बघितलं. मग मैदानाकडं, जिथं इंद्रायणी सांगितलं होतं तिथंच उभी होती, हातात बूट घेऊन. मग पुन्हा लिंबाकडं.

"पण इथं तर काहीच नव्हतं," ते म्हणाले. "ही इथं आधीच का गेली?"

हा प्रश्न निर्मलाला आजवर कुणी विचारला नव्हता. मागून पप्पूचं रडणं येत होतं. तिनं वळून बघितलं नाही.

"सांगते," ती म्हणाली.

साहेबांनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला. इंजिन बंद झालं, आणि लिंबं हलायची थांबली.